भिजत पडलेले घोंगडे आणि वसंतातला माळ

एखादा प्रश्न वर्षानुवर्षे अनिर्णित राहिला की आपण मराठीत त्याला 'भिजत घोंगडे' म्हणतो. सीमाभागात आयुष्य गेलेल्या आपणां मंडळींना या वाक्प्रचाराचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु वाक्प्रचार टिकतो आणि ज्या वस्तूवरून तो आला ती वस्तू घरातून नाहीशी होते, असे पुष्कळदा घडते. आज आपल्यापैकी किती जणांच्या घरी खरोखरीचे घोंगडे आहे? ते पाण्यात भिजले म्हणजे किती जड होते आणि वाळायला किती दिवस घेते, हे आपल्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? प्रस्तुत लेख त्या खऱ्या घोंगड्याविषयी, त्याला लोकर देणाऱ्या मेंढीविषयी आणि ती मेंढी ज्या माळावर चरते त्या माळाविषयी आहे. हे तिन्ही एकमेकांच्या आधाराने उभे आहेत आणि त्यांतले एक कोसळले तर उरलेली दोन फार काळ टिकणार नाहीत, असे माझे मत आहे. त्या मताची कारणे वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

गेल्या फाल्गुनात आमच्या परिचयातील विणकामाची आवड असलेल्या काही भगिनींनी एक सहल आखली. बाजारातील तयार लोकरीचे गुंडे विणून विणून त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला होता. आपल्याच जिल्ह्यात मेंढ्यांचे एवढे कळप हिंडतात, मग त्यांची लोकर जाते कोठे? ही जिज्ञासा शमविण्यासाठी दोन दिवसांचा कार्यक्रम ठरला आणि आम्ही तीन-चार डॉक्टर मंडळी, खरे सांगायचे तर 'सौभाग्यवतींचे सहप्रवासी' या नात्याने, त्यात सामील झालो. बेळगावचा हिरवा, ओला पश्चिम भाग मागे टाकून गोकाकच्या पुढे पूर्वेकडे निघाले की पाऊस कमी होत जातो, झाडे ठेंगणी होतात आणि क्षितिज लांब सरकते. तेथून आपल्या अगदी जवळचा आणि तरीही सर्वाधिक अपरिचित असा प्रदेश सुरू होतो. गावाचे नाव मी हेतुपुरस्सर देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

वसंत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचे कूजन येते. माळावरचा वसंत निराळा आहे. गवत केव्हाच वाळून सोनेरी झालेले असते. बांधावरचा पळस एकही पान अंगावर न ठेवता फुललेला, ओढ्याकाठी पांगारा तसाच लालभडक आणि गावाजवळच्या कडुनिंबांना नुकती तांबूस पालवी फुटलेली. पळसावर भोरड्यांचे थवेच्या थवे कोलाहल करीत होते. हे गुलाबी पाहुणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात मध्य आशियाकडून येतात, ज्वारीच्या हंगामात शेतकऱ्याच्या शिव्या खातात आणि एप्रिलच्या सुमारास परत जातात. जाण्यापूर्वीची त्यांची ही लगबग होती. आकाशात चंडोल उंच जाऊन गात होता आणि गाता गाताच खाली उतरत होता. गवतावरून अगदी लगटून, पंख किंचित वर धरून तरंगणारा भोवत्या हा शिकारी पक्षीही त्या ऋतूतला आमचा अखेरचाच असावा, कारण उन्हाळा तापण्यापूर्वी तोही उत्तरेकडे निघून जातो.

सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास पाणवठ्यावर पखुर्ड्या आल्या. कबुतराच्या आकाराचे, मातीच्या रंगाचे हे पक्षी दाणे खाऊन जगत असल्यामुळे त्यांना पाणी प्यायला रोज यावे लागते. पिलांसाठी नर आपल्या छातीची पिसे पाण्यात भिजवून ते पाणी मैलोगणती वाहून नेतो. पिसांची रचनाच तशी असते. रुग्णाला सलाईन लावण्यात हयात गेलेल्या आमच्या एका भूलतज्ज्ञ मित्राने हे ऐकून टोपी काढली. त्यानंतर वाटाड्या तरुणाने आम्हांला एका जागी थांबवले आणि पायाखाली बघा म्हणाला. खड्यांमध्ये, घरट्याची एक काडीही नसलेल्या उघड्या जमिनीवर माळटिटवीची चार अंडी होती. ती दाखवल्यावाचून दिसली नसती, कारण त्यांचे रंग त्या खड्यांनीच दिलेले होते.

आता लोकरीकडे वळतो. माळाच्या उतारावर धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे येथे चिरेबंदी घर नव्हे. जाळीचे कुंपण, आत मेंढरे, बाहेर घोड्यावरून उतरवलेला संसार, दोन-तीन कुत्री आणि चूल, एवढ्याला वाडा म्हणतात. ही मंडळी घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी बोलली आणि मेंढरांशी जी भाषा बोलत होती ती दोन्हींपैकी कोणतीच नव्हती. त्यांच्या देवांनाही सीमा नाही. चिंचलीच्या मायाक्काला महाराष्ट्रातून लोक येतात आणि पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला कर्नाटकातून जातात. गुंथर-दिएत्झ सोंथायमर या जर्मन विद्वानाने आयुष्याची कित्येक वर्षे या धनगरांच्या ओव्या आणि देवकथा गोळा करण्यात घालवली, याचे महत्त्व तेथे बसल्यावर अधिक कळते.

वाड्यावर कातरणी चालू होती. मेंढीचे पाय बांधून तिला आडवी करायची आणि मोठ्या कात्रीने एका बाजूकडून लोकर अशी उतरवत न्यायची की ती गोधडीसारखी सलग निघावी. सराईत माणसाच्या हाताखाली मेंढी धडपडतही नाही. आमच्या शल्यविशारद मित्राने त्या कात्रीकडे फार आदराने पाहिले. दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड आणि थोडी असते. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास जाडीचा, तर आपल्या मेंढीचा त्याच्या दुपटीहून अधिक जाड. त्यामुळे स्वेटर व शालींच्या बाजारात तिला स्थान नाही. कोकराची पहिली कातरण तेवढी मऊ. तिला जावळ म्हणतात आणि जावळाची घोंगडी सर्वांत मोलाची.

भगिनींनी मोठ्या उत्सुकतेने विचारले, "अण्णा, ही लोकर विकता कुणाला?"

त्या वयस्क गृहस्थांनी कात्री न थांबवता उत्तर दिले, "कोण घेतंय, अक्का? कातरणाऱ्याची मजुरी सुटत न्हाई त्यात. कुणी मागितली तर देतो, न्हाई तर बांधाला टाकतो. मेंढराला उन्हाळ्यात आग होत्या म्हणून कातरायचं."

पुढच्या गावी ज्या घरात अजून माग चालतो तेथे दुसऱ्या दिवशी गेलो. पूर्वी त्या गल्लीत प्रत्येक घरी माग होता, आता दोन उरले आहेत. लोकर निवडणे, पिंजणे, राहाटावर सूत काढणे ही कामे घरातल्या स्त्रिया करतात. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळून उन्हात सुकवावी लागते, म्हणजे भरड धाग्याची लव बसते आणि तो मागावर तुटत नाही. मग खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो. एका घोंगडीला आठ-दहा मेंढरांची एका कातरणीची लोकर लागते, असे मावशींनी सांगितले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, मनगटाला सांधेदुखी, आणि तरीही त्यांच्या बोटांतून निघणारे सूत शेवटपर्यंत एकसारखे. त्यांच्या सुनेला सूत काढता येते, परंतु ती काढीत नाही. दिवसभराच्या कताईला जे मिळते त्याहून अधिक तिला शेतमजुरीत मिळते. या हिशेबात चूक काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लोकर हा पदार्थ वैद्यकीय दृष्टीनेही विलक्षण आहे. केराटिनचा हा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका बाष्पांश शोषूनही स्पर्शाला ओला लागत नाही आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. तो सहजी पेट घेत नाही. म्हणूनच एकच घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर, थंडीत अंगावर आणि उन्हाळ्यात जमिनीवर अंथरायला चालते. आपल्या व्यवसायाने तर मेंढीचे ऋण फार घेतले आहे. ज्येष्ठ शल्यविशारदांनी ज्या कॅटगटने हजारो जखमा शिवल्या, त्याचे नाव मांजराचे असले तरी ते बहुधा मेंढीच्या आतड्यापासून होत असे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ब्लड अगारच्या तबकडीत मेंढीचे रक्त असते. आणि आपण आज उठता बसता ज्या ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटांच्या गोळ्या लिहून देतो, ते ड-३ मुख्यतः मेरिनोसारख्या मेंढ्यांच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनपासून, त्यावर अतिनील किरणांचा प्रयोग करून तयार होते. उन्हात हिंडणाऱ्या मेंढीच्या लोकरीतला मेद वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसाची हाडे सांभाळतो, हा विनोद नियतीनेच केलेला आहे.

अर्थात मेंढी आजारही देते, हे डॉक्टरांच्या सभेत विसरून चालणार नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांत १८८० च्या सुमारास कामगारांचा बळी घेणारा 'लोकर निवडणाऱ्यांचा रोग' म्हणजे फुप्फुसाचा अँथ्रॅक्स होता, हे जॉन हेन्री बेल या डॉक्टरने ओळखले. आपल्याकडे हायडॅटिड सिस्ट आणि ब्रुसेलोसिस मेंढपाळांत आढळतात. त्यातील पहिल्याचे चक्र मेंढी आणि कुत्रे यांच्यामधून फिरते. दीर्घकाळ ताप असलेला मेंढपाळ रुग्ण समोर आला तर त्याचा व्यवसाय विचारण्याचे एक मिनिट निदानाला दिशा देते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सर्व रम्य आहे, परंतु भरड लोकरीला भाव नाही, पानिपतची स्वस्त ब्लँकेटे मिळतात, मग घोंगडी गेली तर काय बिघडले? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येणार नाही. मेंढपाळांनीही आपला मार्ग शोधला आहे. जत भागातील माडग्याळ जातीची मेंढी अंगाने मोठी, मांसाला उत्तम, पण लोकर जवळजवळ नाही. तिचे नर दख्खनी कळपात सोडले जात आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतील जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्ण' ही जात विकसित केली. हेही मांसाच्या उत्पन्नासाठीच, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या स्मृतिरंजनासाठी धनगराने गरीब राहावे, अशी अपेक्षा मी करणार नाही.

माझा मुद्दा निराळा आहे. लोकरीचे उत्पन्न गेले, चराऊ माळ गेला आणि शेतात मेंढ्या बसवून मिळणारे धान्य अथवा पैसे रासायनिक खतांमुळे घटले, तर एक दिवस तो माणूस कळप विकून शहराच्या कडेला मजूर म्हणून येईल. आणि मेंढपाळ गेल्यावर माळाला कोणी धनी उरणार नाही. सरकारी दप्तरात माळ म्हणजे 'पडीक'. ही नोंद इंग्रजांच्या महसुली दृष्टीची. जिच्यातून सारा येत नाही ती जमीन पडीक! स्वातंत्र्यानंतरही आपण ती दृष्टी टाकली नाही. पडीक म्हटले की तेथे खाण, कारखाना, सौर पटलांची शेती अथवा वृक्षलागवड, काहीही करायला मोकळीक. प्रत्यक्षात माळ म्हणजे कोणे एके काळच्या तोडलेल्या जंगलाचा अवशेष नव्हे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुने मराठी साहित्य व लोकगीते तपासून त्यांतील वनस्पतींच्या उल्लेखांवरून दाखवून दिले की पश्चिम महाराष्ट्रातील हे विरळ झाडांचे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे तसेच आहेत. आपल्या भाषेने माळाची साक्ष शतकानुशतके जपून ठेवली आणि आपण मात्र त्याला पडीक म्हणत राहिलो.

या विस्मरणाची किंमत प्राण्यांनी मोजली आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. राणीबेन्नूरचे काळवीट अभयारण्य त्याच्याही आधीचे, १९७४ चे. काळवीट टिकले, परंतु माळढोक आज साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले आहेत. भारतीय लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. वाघाहूनही संख्येने कमी असलेल्या या प्राण्यासाठी कोणी सफारी काढत नाही. कोप्पळ जिल्ह्यात बंकापूर येथे लांडग्यासाठी अभयारण्य झाले, ही समाधानाची गोष्ट. परंतु लांडगा मुख्यतः अभयारण्याबाहेर, मेंढ्यांच्या मागेमागेच जगतो. त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर वाड्यापासून तीन-चारशे पावलांवर तो आम्हांला दिसला. क्षणभर थांबला, आमच्याकडे पाहिले आणि काही घाई नसल्यासारखा ओढ्यात उतरला. कुत्री भुंकली. अण्णा शांतपणे म्हणाले, "तिची पिल्लं हाईत तिकडं. वर्षाला दोन-तीन कोकरं नेती. तिचा वाटा हाय तो." नुकसानभरपाईचे अर्ज आणि विम्याचे दावे यांच्या जगातून गेलेल्या आम्हांला या वाक्यावर बोलायला काही सुचले नाही. गावाचे नाव न देण्याचे कारण हेच. पिलांच्या छायाचित्रांसाठी तेथे मोटारींची रांग लागू नये.

मग आपण काय करावे? मोठ्या घोषणांवर माझा विश्वास नाही. आपल्यासारख्या मंडळांना सहज जमतील अशा तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट म्हणजे, वर्षा ऋतूत होणारे आपले वृक्षारोपणाचे कार्यक्रम माळावर करू नयेत. रस्त्याच्या कडेला, रुग्णालयाच्या आवारात, शाळेत, तळ्याकाठी अवश्य झाडे लावावीत. परंतु गवताळ माळावर ओळीने खड्डे खणून ग्लिरिसिडिया अथवा निलगिरी लावणे म्हणजे धडधाकट माणसावर न विचारता शस्त्रक्रिया करणे होय. माळटिटवीला उघडी जमीन लागते, चंडोलाला गवत लागते, लांडग्याला लांबवर पाहता यावे लागते. प्रत्येक अधिवासाची प्रकृती निराळी असते, हे तत्त्व वैद्याला तरी समजायला हवे.

दुसरी गोष्ट, घोंगडी विकत घ्यावी आणि घासाघीस न करता घ्यावी. मंडळाच्या पाहुण्यांना दरवर्षी शाल आणि श्रीफळ देतो, त्यांपैकी शाल बहुधा कृत्रिम धाग्याची असते आणि ती पुढच्या कोणत्या तरी समारंभात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. तिच्या जागी हातमागाची एक घोंगडी द्यावी. मात्र एक सावधगिरी बाळगावी. घोंगडीवर झोपल्याने संधिवात, रक्तदाब, मधुमेह बरा होतो, अशा जाहिराती अलीकडे दिसतात. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगावे. घोंगडी ऊब देते, टिकते आणि एका घरातला माग चालू ठेवते, एवढे गुण तिला पुरेसे आहेत. औषध म्हणून विकल्यास चार दिवस खपेल आणि खोटेपणा उघड झाल्यावर कायमची बदनाम होईल.

तिसरी गोष्ट आपल्या व्यवसायाची. फिरत्या वाड्यावरच्या मुलांचे लसीकरण अर्धवट राहते, कारण एक मात्रा एका तालुक्यात, तर दुसऱ्या मात्रेच्या वेळी बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात असते. गर्भवतींच्या तपासणीचेही तेच. हे लोक आपल्या दवाखान्यापर्यंत येतील, ही वाट पाहण्यापेक्षा ते जेथे एकत्र जमतात तेथे आपण जावे. माघातली चिंचलीची यात्रा हे असे ठिकाण आहे. तेथे दोन दिवसांचे शिबिर भरवले, मुलांना दोन्ही भाषांतील लसीकरणपत्रिका दिली आणि कुत्र्यांना जंत व रेबीजसाठी औषध-लस देण्यास पशुवैद्यक मित्रांना सोबत नेले, तर वार्षिक स्नेहसंमेलनाच्या एका भोजनाच्या खर्चात ते बसेल.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. अशी वर्षे येतात, परिसंवाद होतात आणि कागद फडताळात जातात. ज्याचा निकाल आपल्या हाती नाही अशी भिजत घोंगडी आपल्या भागात पुरेशी आहेत. हे मात्र तसे नाही. ते पाण्यातून काढायला कोणा न्यायालयाची, आयोगाची अथवा सरकारची परवानगी लागत नाही. येत्या फाल्गुनात कुटुंबासह एक दिवस पूर्वेकडे जा, मोटार दूर उभी करा, पायाखाली पाहून चाला आणि परत येताना एक घोंगडी घेऊन या.